ना इंजिन, ना बॅटरी. तरी गाडी जिंकते ती चाकांवर! ‘पाइनवुड डर्बी’चं गणित नेमकं काय आहे?

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये ज्या घरांतली मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांच्या फॅमिली ग्रुपवर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान एखादा तरी असा व्हिडिओ येतो. लाकडाच्या ठोकळ्याची छोटीशी गाडी, लांबलचक उतरता ट्रॅक आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी पोरं. तीन-चार सेकंदांत सगळं संपतं. नातू जिंकला तर इमोजींचा पाऊस पडतो. हरला तर आजी-आजोबांना प्रश्न पडतो, ‘एवढी छान रंगवलेली गाडी मागे कशी पडली?’

बहुतेक वेळा उत्तर रंगात किंवा आकारात नसतं. ते चाकांत असतं.

ही स्पर्धा आली कुठून?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे. तिथल्या डॉन मर्फी यांच्या मुलाला ‘सोप बॉक्स डर्बी’मध्ये उतरायचं होतं. त्या शर्यतीत मुलं स्वतः गाडीत बसून उतारावरून खाली येतात. पण मुलगा होता १० वर्षांचा, म्हणजे वयाच्या अटीत बसत नव्हता. मर्फींनी मग लहान मुलांसाठी छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत आखली. १५ मे १९५३ रोजी त्यांच्या कब स्काउट गटाने पहिली पाइनवुड डर्बी भरवली. पुढच्याच वर्षी बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेने हा खेळ देशभर नेला.

नियम आजही साधे आहेत. प्रत्येक मुलाला सारखंच किट मिळतं: पाइन लाकडाचा सुमारे ७ इंचांचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे. वजनाची मर्यादा साधारण ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. गाडीला ढकलायचं नाही, मोटर लावायची नाही. वरून सोडायची आणि बघायचं.

विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं चाकांचा लाकडी बैल मिरवतात, पण तिथे दोरी ओढणारा हात असतो. आपल्याकडे पोरं भंगारातल्या बेरिंगची गाडी करून उतारावर सोडतात, पण डर्बीत बेरिंग सहसा चालत नाही. इथे फक्त प्लास्टिकचं चाक आणि लोखंडी खिळा.

चाकांवर एवढं अवलंबून का?

हिशोब करून बघू. समजा ट्रॅकची सुरुवात ४ फूट उंचावर आहे. १४२ ग्रॅमच्या गाडीला त्या उंचीमुळे मिळणारी ऊर्जा जेमतेम १.७ ज्यूल. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब एवढी ऊर्जा सेकंदाच्या पाचव्या भागात संपवतो. गाडीला मात्र तेवढ्यावरच अख्खा ट्रॅक पार करायचा असतो.

ही ऊर्जा मुख्यतः चार ठिकाणी जाते. गाडी पुढे नेण्यात, चाकं फिरवण्यात, चाक आणि खिळा यांच्या घर्षणात आणि थोडी हवेच्या विरोधात. यातली पहिलीच कामाची. बाकी सगळी गळती.

आता वेग पाहा. काहीच गळती झाली नाही तर ४ फूट उतरून आलेली गाडी ताशी सुमारे १७ किलोमीटरपर्यंत पोहोचेल. चाकाचा व्यास साधारण ३० मिलिमीटर. म्हणजे त्या वेगाला चाक मिनिटाला ३,००० च्या आसपास फेरे घेतं. एवढ्या वेगात खिळ्यावरचा बारीकसा खडबडीतपणाही ब्रेकसारखं काम करतो. अनेक ठिकाणी निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शेवटच्या रेषेवर तो फरक असतो फक्त ४-५ मिलिमीटरचा.

चाक निवडायचं कसं?

किटमधली चाकं साच्यातून निघतात आणि सगळी तंतोतंत सारखी नसतात. अनेक चाकांच्या आतल्या बाजूला साच्याचा क्रमांक असतो. शक्य असेल तर एकाच क्रमांकाची चार चाकं निवडायची. मग तीन तपासण्या:

१. खिळा आडवा धरून चाक त्यावर अडकवा आणि बोटाने फिरवा. कड डावी-उजवीकडे डुलते का बघा. डुलणारं चाक ट्रॅकच्या मधल्या पट्टीला धडकत जातं आणि प्रत्येक धडकेत वेग कमी होतो.

२. फिरत्या चाकाच्या कडेजवळ मार्करचं टोक स्थिर धरा. शाई पूर्ण गोल उमटली तर चाक गोल आहे. एकाच बाजूला उमटली तर तिथे उंचवटा आहे किंवा भोक मध्यावर नाही.

३. नख फिरवून साच्याची शिवण लागते का पाहा.

सगळ्यात डुलणारं चाक फेकायची गरज नाही. ते कुठे वापरायचं ते पुढे येईल.

तयारी कशी करायची?

आधी आपल्या गटाची नियमावली वाचा. नियम गटागणिक बदलतात. शिवण घासायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. चाक बारीक किंवा हलकं करायला अनेक ठिकाणी नसते. जास्त घासलं तर शर्यतीआधीच्या तपासणीतच गाडी बाद होऊ शकते आणि पोराची मेहनत वाया जाते.

चाकाची कड: बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा. शिवण गेली की थांबा. ड्रिल मशीनला लावणार असाल तर वेग कमी ठेवा, कारण प्लास्टिक तापून मऊ पडतं. मशीनजवळ मोठं माणूस हवंच.

चाकाचं भोक: मोठं करू नका. कापसाच्या काडीला थोडी पांढरी टूथपेस्ट लावून आतून फिरवा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. टूथपेस्टमध्ये घासणारे अतिशय बारीक कण असतात, तेच पॉलिशचं काम करतात.

खिळा: खरी मेहनत इथे. नव्या खिळ्याच्या डोक्याखाली साच्याचे कंगोरे असतात. ते बारीक कानशीने काढा. मग ४००, ६००, १००० अशा चढत्या नंबरचा वॉटर पेपर वापरत खिळा आरशासारखा चमकेपर्यंत घासा.

वंगण: बहुतेक गट कोरडी ग्रॅफाइट पावडरच चालवतात. तेलावर धूळ बसते आणि काही तेलांनी प्लास्टिक खराब होतं. पेन्सिलचं शिसं किसून घालायचा जुगाड टाळा. त्यात ग्रॅफाइटबरोबर मातीही असते. पावडर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून भरा.

बसवणी: चाक आणि लाकूड यांच्यात एटीएम कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. मग गाडी सपाट फरशीवर हळूच सोडा. ती एका बाजूला वळत गेली तर खिळा तिरका आहे.

चौथं चाक हवेत का ठेवतात?

अनेक वेगवान गाड्यांचं पुढचं एक चाक ट्रॅकला टेकतच नाही. त्याचा खिळा किंचित वर बसवतात. न टेकणारं चाक फिरत नाही, म्हणून ते फिरवायला ऊर्जा लागत नाही. डुलणारं चाक इथे बसवायचं. पण ‘चारही चाकं टेकली पाहिजेत’ असा नियम असेल तर ही युक्ती चालणार नाही.

दोन गैरसमज

‘चाक जड तर गाडी जोरात’ हे चूक. वजन ठोकळ्यात हवं, चाकांत नको. जड चाक फिरवायलाच ऊर्जा जास्त लागते. ‘रबर लावलं की पकड वाढते’ हेही इथे निरुपयोगी. पकड लागते ती इंजिन चाकाला फिरवत असेल तेव्हा. इथे चाक फक्त गडगडतं.

कात्रपमध्ये अशी शर्यत घ्यायची असेल तर?

अमेरिकन किटची गरज नाही. सगळ्यांना एकाच लॉटची चाकं आणि एकाच मापाचे खिळे द्या, म्हणजे स्पर्धा समान पातळीवर राहील. खेळण्यांच्या गाड्यांची किंवा रोबोटिक्स किटची प्लास्टिक चाकं चालतात. बाटलीची झाकणं टाळा. त्यांना बरोबर मध्यावर भोक पाडणं कठीण असतं. पॅकिंगच्या पॅलेटला बऱ्याचदा पाइनच वापरतात. मात्र त्यावर ‘एमबी’ शिक्का असेल तर ते लाकूड घेऊ नका. त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णतेची प्रक्रिया. ट्रॅकसाठी प्लायवूडच्या पट्ट्या आणि मधोमध एक लाकडी बीडिंग पुरतं. उतार सोसायटीच्या आवारातच करा, रस्त्यावर नको.

आणि गाडी नक्की कुणाची?

या खेळातली सगळ्यात जुनी तक्रार चाकांची नाही, बापांची आहे. मुलाच्या नावावर वडीलच गाडी बनवतात. २००५ मध्ये ‘डाउन अँड डर्बी’ नावाचा विनोदी सिनेमाच यावर आला. काही गटांनी तोडगा म्हणून मोठ्यांसाठी वेगळी ‘ओपन’ शर्यत ठेवली आहे.

ड्रिल मोठ्यांनी धरावं, हे ठीक. पण चाक फिरवून बघणं, मार्करची खूण तपासणं, खिळा घासणं ही कामं आठ वर्षांचं मूल आरामात करतं. गाडी हरली तरी ती का हरली हे त्याला स्वतः शोधता येतं. त्यामुळे पुढच्या वेळी नातवाची गाडी मागे पडल्याचा व्हिडिओ आला, तर कात्रपहून व्हिडिओ कॉलवर आजोबांनी एवढंच विचारावं, ‘बाळा, चाक डुलतंय का बघ बरं.’