पुशरॉड बदलणे

पुशरॉड म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील कॅमशाफ्टची हालचाल सिलिंडरच्या माथ्यावर असलेल्या झडपांपर्यंत पोहोचवणारा दांडा होय. तो पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. पुशरॉड वाकला, झिजला किंवा जागेवरून निसटला, तर त्याची झडप उघडत नाही आणि इंजिनाची शक्ती घटते किंवा ते सुरूच होत नाही. पुशरॉड बदलणे हे इंजिनदुरुस्तीतील तुलनेने लहान काम असून साध्या इंजिनात ते घरी करता येते. मात्र पुशरॉड सहसा आपोआप वाकत नाही. वाकलेला दांडा हे बहुधा दुसऱ्या बिघाडाचे लक्षण असते. त्यामुळे हे काम घरी करावे की कारागिराकडे सोपवावे, हे मूळ बिघाड शोधता व दूर करता येतो की नाही यावर अवलंबून असते.

रचना आणि कार्य

चतुर्घाती इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडप खाली दाबून उघडते. उंचवटा पुढे सरकताच स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप, आणि तिच्यासोबत पुशरॉड, मिनिटाला ७५० वेळा वर-खाली होते.

इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावतो. यासाठी रॉकर व झडप यांच्यामध्ये अत्यंत थोडी फट ठेवतात. ती जुळवण्याला कारागीर ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. फट जास्त झाल्यास टकटक असा आवाज येतो. कमी झाल्यास झडप पूर्ण मिटत नाही आणि जळू लागते. ‘हायड्रॉलिक टॅपेट’ असलेल्या इंजिनात ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते.

काही इंजिनांत पुशरॉड पोकळ असून त्यातून रॉकरकडे तेल जाते. अशा दांड्याचे छिद्र गाळाने बुजल्यास वरचे भाग कोरडे पडून झिजतात.

महाराष्ट्रातील वापर

पुशरॉड असलेली इंजिने राज्यात शेती व वाहतूक या दोन्ही क्षेत्रांत रुजली. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची मंद गतीची डिझेल इंजिने विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत व भातगिरण्यांत वापरली गेली. कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या १,०८९ घन सेंमी इंजिनात आठ पुशरॉड असत. मुंबईच्या टॅक्सींमधून ही मोटार ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. रॉयल एनफील्ड बुलेटच्या जुन्या बिडाच्या इंजिनात पुशरॉडची लांबी खालच्या टोकाशी जुळवता येते. इंजिन थंड असताना दांडा बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, अशी त्याची पारंपरिक कसोटी आहे. या कंपनीच्या नंतरच्या यूसीई इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले, तर २०२० साली आलेल्या मिटिऑर ३५० च्या इंजिनात कॅमशाफ्ट माथ्यावरच असल्याने पुशरॉड उरलेला नाही.

आज ग्रामीण भागात पुशरॉड प्रामुख्याने लहान पेट्रोल पंप, छोटी मशागत यंत्रे, पॉवर टिलर आणि जनित्रे यांत आढळतो. द्विघाती इंजिनावर चालणाऱ्या गवत कापण्याच्या यंत्रांत व फवारणी यंत्रांत तो नसतो.

बिघाडाची कारणे

झडपेचा दांडा तिच्या मार्गदर्शक नळीत, म्हणजे ‘गाइड’मध्ये, अडकणे हे पुशरॉड वाकण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे. झडप हलत नसताना कॅम दांड्याला ढकलत राहतो आणि या साखळीतील सर्वांत बारीक भाग, म्हणजे पुशरॉड, वाकतो. गंज, काजळी, जुन्या पेट्रोलचा चिकट थर किंवा अति उष्णता यांमुळे झडप अडकते. याखेरीज मर्यादेपेक्षा जास्त वेग, मोडलेली स्प्रिंग, सैल झालेला रॉकर आणि चुकीचे टॅपेट सेटिंग हीदेखील कारणे असतात.

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर व महाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत हवामानामुळे गंज व पेट्रोलचा चिकट थर या कारणांना विशेष महत्त्व आहे. भाताचा हंगाम पावसावर होत असल्याने पाण्याचा पंप मुख्यतः हिवाळ्यात व उन्हाळ्यात लागतो आणि पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत पडून राहतो. टाकीत पेट्रोल राहिल्यास त्याचा चिकट थर बनतो आणि उघड्या राहिलेल्या झडपेवर गंज चढतो. पुढे दोरी ओढून इंजिन जबरदस्तीने फिरवले, की पुशरॉड वाकतो.

पुरात बुडालेल्या इंजिनाचा धोका याहून मोठा असतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरातील असंख्य वाहने व यंत्रे पाण्याखाली गेली होती. पाणी दाबले जात नसल्यामुळे ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवल्यास पुशरॉडपेक्षा कितीतरी महत्त्वाचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. असे इंजिन सुरू करण्याआधी स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावे लागते. तेलाचा रंग दुधाळ झाला असेल, तर त्यात पाणी मिसळलेले असते आणि ते तेल बदलावे लागते.

घरी बदलण्याची पद्धत

एका सिलिंडरच्या इंजिनात हे काम पाने, फिलर गेज, टॅपेट कव्हरचे नवे पॅकिंग आणि उत्पादकाची पुस्तिका एवढ्या सामग्रीत होऊ शकते. कामाचा सर्वसाधारण क्रम असा असतो:

१. इंजिन पूर्ण थंड होऊ देणे आणि स्पार्क प्लगची वायर काढून ठेवणे.
२. पिस्टन दाबघाताच्या शेवटी वरच्या टोकाला आणणे. या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात.
३. टॅपेट कव्हर उघडून रॉकर सैल करणे आणि पुशरॉड किंचित फिरवत वर काढणे. आतला व बाहेरचा (इनलेट व एक्झॉस्ट) दांडा वेगळा ओळखू येईल असा ठेवणे, कारण काही इंजिनांत त्यांची लांबी भिन्न असते.
४. दांडा सपाट काचेवर घरंगळवून पाहणे. तो डगमगत फिरला तर वाकलेला आहे. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये. तो त्याच जागी पुन्हा वाकतो.
५. झडपेचे वरचे टोक दाबून ती सहज खाली जाते व स्प्रिंगने परत येते का, हे पाहणे.
६. नवा दांडा टॅपेटच्या खळग्यात नीट बसवून फट जुळवणे.
७. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून फट पुन्हा मोजणे.

यांतील पाचवी पायरी निर्णायक आहे. झडप अडकत असताना केवळ नवा दांडा बसवल्यास तोही वाकतो आणि खर्च दुप्पट होतो.

कारागिराकडून दुरुस्ती

झडप गाइडमध्ये घट्ट अडकली असेल, तर सिलिंडरचे हेड उतरवून गाइड साफ करावी किंवा बदलावी लागते आणि झडप पुन्हा घासून बसवावी लागते. कॅम किंवा टॅपेट झिजले असल्यास इंजिनाचा आणखी भाग उघडावा लागतो. या कामांना विशेष हत्यारे व सराव लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘मेकॅनिक डिझेल’ या व्यवसायात अशा कामांचे शिक्षण दिले जाते. अनेक सिलिंडरची मोटार, हायड्रॉलिक टॅपेटचे इंजिन आणि पुरात बुडालेले इंजिन सहसा कारागिराकडेच सोपवले जाते. हमीची मुदत शिल्लक असलेले इंजिन घरी उघडल्यास हमी नाकारली जाण्याची शक्यता असते.

खर्चाची तुलना

पुशरॉड हा इंजिनाच्या स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे. गॅरेजमधील बिलात त्याच्या किमतीपेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो. डोंगराळ वाड्यांमध्ये यात वाहतुकीचीही भर पडते. लहान पेट्रोल इंजिन एक माणूस उचलू शकतो, पण विहिरीवर बसवलेले डिझेल इंजिन हलवण्यापेक्षा कारागिरालाच जागेवर बोलावणे सोयीचे ठरते. घरच्या दुरुस्तीत मजुरी वाचते, परंतु हत्यारे आधीपासून नसतील तर पहिल्या वेळची बचत कमी होते. भाजीपाल्याला पाणी देण्याच्या दिवसांत पंप किती दिवस बंद राहणार, हाही खर्चाचाच भाग असतो.

प्रतिबंध

पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे, स्पार्क प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे आणि दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत इंजिन कोरड्या, उंच जागी ठेवणे हे उपाय प्रचलित आहेत. पावसाळ्यानंतर स्पार्क प्लग काढून इंजिन आधी हाताने सावकाश फिरवतात. ते मध्येच अडखळल्यास जोर न लावता टॅपेट कव्हर उघडून झडपा तपासतात.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
कॅमशाफ्ट
डिझेल इंजिन
महाड
पोलादपूर