थंड नव्हे, नेमके गरम

मे महिन्यातली दुपार. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावरून धावणारी गाडी सारसोळे जंक्शनच्या सिग्नलला थांबते आणि थोड्याच वेळात बॉनेटखाली घरघर सुरू होते. गाडी पळत होती तोवर समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवत होता. आता ते काम विजेच्या पंख्यावर आले आहे.

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाच्या भागांतले अॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाच्या कामी येतो. बाकीची बहुतेक उष्णता सायलेन्सरवाटे आणि कूलंटमधून बाहेर काढावी लागते.

मग इंजिन जितके थंड तितके चांगले? मुळीच नाही. थंड इंजिनात ऑइल दाट असते, घर्षण वाढते, पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि ते जास्त जळते. म्हणून कूलंट ९० अंशांच्या आसपास लागतो. हा तोल थर्मोस्टॅट सांभाळतो. त्यातले मेण तापून वितळते, फुगते आणि झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जातच नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला, तर मूळ दुखणे राहते आणि इंजिन वेळेवर गरमही होत नाही.

उलट, इंजिन फार तापले की मिश्रण आपोआप पेटून ठोके बसू लागतात. ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडीची ओढ कमी होते. हवेचाही वाटा असतो: २५ अंशांची हवा ४० अंशांवर सुमारे ५ टक्के विरळ होते, म्हणजे तेवढाच ऑक्सिजन कमी.

सारसोळ्याची खाडी हाच धडा वेगळ्या रीतीने देते. होडीचे आउटबोर्ड इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड होते; तोंडाशी गाळ किंवा प्लॅस्टिक अडकले की तापते. खारे पाणी आत राहून धातू खाऊ नये म्हणून इंजिन नंतर गोड्या पाण्याने धुतात. गाडीतही बोअरिंगचे जड पाणी ओतले, तर क्षारांचा थर साचून उष्णता अडते. म्हणून कंपनीने सांगितलेलाच कूलंट भरावा. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये: दाबाखाली शांत असलेले पाणी दाब सुटताच उसळते आणि हात-तोंड भाजते.

सिग्नल सुटतो, वारा पुन्हा रेडिएटरवर येतो, पंखा थांबतो. तापमानाचा काटा मात्र मघापासून मध्यावरच आहे. एवढ्या सगळ्या खटाटोपाचे सार्थक त्या न हललेल्या काट्यात आहे.