शिशिरांतील रंगीत पानें व त्यांचा घरांत उपयोग

सृष्टिसौंदर्य म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें फुलें उभीं राहतात. गळणाऱ्या पानांकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. जपान, कॅनडा इत्यादि थंड देशांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास मेपल वृक्षाचीं पानें लालभडक होतात व तीं पाहण्यास लोक मुद्दाम प्रवास करितात. पवनी तालुक्यांतील आपल्या आसगावाकडे असा देखावा नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. आपला ऋतु निराळा, एवढेंच.

थंड देशांत लहान होत जाणारे दिवस व वाढती थंडी यांमुळें पानगळ होते. आपल्याकडे ती मुख्यतः पाण्याच्या तुटवड्यामुळें होते. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वाफेच्या रूपानें सतत बाहेर जात असतें. पावसाळा संपून जमीन कोरडी पडूं लागली म्हणजे हा खर्च झाडास परवडत नाहीं. तेव्हां काटकसरी गृहिणीप्रमाणें झाड प्रथम पानांतील उपयुक्त द्रव्यें परत घेतें. हरितद्रव्य नाहींसें होतें व त्याखालीं झांकलेला पिवळा रंग प्रकट होतो. कित्येक पानांत लाल द्रव्य नव्यानें तयार होतें. देशी बदामाचें पान गळण्यापूर्वीं लाल होतें, तें याच कारणानें. शेवटीं देठाच्या बुडाशीं बुचासारखा थर बनतो आणि पान अलगद सुटतें.

आपल्या प्रदेशाची मौज ही कीं, येथें जुनीं पानें गेल्यावर नवीं पानेंहि रंग घेऊन येतात. फेब्रुवारी-मार्चांत पळस निष्पर्ण होऊन केशरी फुलांनीं पेटतो. त्यानंतर कुसुमाचीं कोंवळीं पानें इतकीं लाल दिसतात कीं, दुरून तीं फुलेंच वाटावीं. पिंपळ व मोह यांची पालवीहि तांबूस असते. हें लाल द्रव्य कोंवळ्या पानांचें प्रखर उन्हापासून रक्षण करितें, असें शास्त्रज्ञ मानतात.

आतां या पानांचा घरीं उपयोग कसा करावा तें पाहूं. खालीं पडलेलीं, न फाटलेलीं व दमट नसलेलीं पानें वेंचावीं. तीं जुन्या वर्तमानपत्रांत सुटीं मांडून वर जड पाट किंवा पुस्तकें ठेवावीं. पहिले कांहीं दिवस कागद रोज बदलावा. सुमारें दहा दिवसांत पानें सपाट व कोरडीं होतात. तीं जाड कागदावर खळीनें चिकटवून शुभेच्छापत्रें, वहीचीं वेष्टनें किंवा भिंतीवरील चित्रें करितां येतात. उन्हांत रंग लवकर उडतो, म्हणून तीं सावलींत ठेवावीं. पिंपळाचें पान तीन-चार आठवडे पाण्यांत भिजत ठेवून मऊ कुंचल्यानें हळूच घासल्यास गर निघून शिरांची नाजुक जाळी उरते. तिजवर चित्रहि काढतां येतें.

आपल्याकडे पानांची कला मुळींच नवी नाहीं. ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पण तींच रुंद पानें बांबूच्या बारीक काड्यांनीं टांचून पत्रावळी व द्रोण करणारे हात घरोघर कमी होत चालले आहेत. 2018 सालीं महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पत्रावळ वापरून टाकली तरी तिची माती होते, हा गुण त्या ताटांत कधींच नव्हता. घरांत आजी असेल तर तिच्याकडून पत्रावळ लावण्यास या सुटींतच शिकून घ्यावें. ही विद्या पुस्तकांत पाहून नीट येत नाहीं. ती हातानें हाताला द्यावी लागते, आणि देणारा हात गेला म्हणजे तीहि जाते.

एक विनंति पालकांस. अंगणांतील पाला पेटवून देण्याची रीत सोडावी. त्यानें धूर होतो, ठिणगी उडून आग पसरते व मातीचें अन्न जळून जातें. तोच पाला खड्ड्यांत शेणपाण्यासह कुजविल्यास परसांतील भाजीस उत्तम खत मिळतें. मुलांनींहि शोभेसाठीं हिरवीं पानें ओरबाडूं नयेत. झाडानें आपण होऊन जें टाकिलें आहे, तेंच आपणांस पुरून उरेल इतकें आहे.