सुटका पहाटे, कार्ड दीड महिन्यानं

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातून मनोरुग्ण कैदी सुटायचे ते पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान. बस त्यांना क्वीन्स प्लाझाला उतरवून निघून जायची. हातात दीड डॉलर रोख आणि तीन डॉलरचं मेट्रोकार्ड. आत रोज मिळणारी गोळी मात्र नाही, औषधाची चिठ्ठी नाही, डॉक्टरची वेळही नाही. १९९९ मध्ये ‘ब्रॅड एच.’ या बदललेल्या नावानं कैद्यांच्या बाजूनं शहरावर दावा लागला. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाला सोडताना पुढची सोय लावून द्यावी, असं राज्याचाच कायदा सांगतो. मग तुरुंगाला त्यातून सूट का? न्यायालयाला ते पटलं. २००३ मध्ये तडजोड झाली: सुटताना काही दिवसांच्या गोळ्या, पुढची चिठ्ठी आणि मेडिकेडचा अर्ज भरायला मदत.

खरी मेख या अर्जातच आहे. मेडिकेड ही अमेरिकेतली गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, १९६५ ची. कैद्यावर केंद्राचा पैसा खर्च करायचा नाही, हे कलम तिच्यात पहिल्यापासून आहे. अपवाद फक्त बाहेरच्या रुग्णालयात दाखल झाल्याचा. उलट १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे उपचार द्यायचेच, पण बिल राज्यानं किंवा काउंटीनं भरायचं. अनेक राज्यांनी मग माणूस आत गेला की योजनेतून त्याचं नावच काढून टाकलं. सुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून कागदपत्रं. निर्णयाला नियमानं ४५ दिवस; अपंगत्वाच्या आधारावर अर्ज असेल तर ९०. जवळच्या गोळ्या त्याआधीच संपतात.

हे दिवस किती धोक्याचे, ते वॉशिंग्टन राज्यातल्या तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांच्या अभ्यासातून २००७ मध्ये दिसलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता. त्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे बळी सर्वाधिक.

२०१० च्या आरोग्य कायद्यानं एकट्या गरीब प्रौढांसाठीही मेडिकेडचं दार उघडलं. आतापर्यंत ४० राज्यांनी ते स्वीकारलं. मग २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला, देशात पहिल्यांदा, सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांत काही सेवा मेडिकेडमधून द्यायची परवानगी मिळाली. गेटबाहेर पडताना औषध हातात, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग. आणि १ जानेवारी २०२६ पासून कैद्याचं नाव कायमचं कापायचं नाही, फक्त तात्पुरतं थांबवायचं, असं बंधन सगळ्या राज्यांवर आलं. सुधारणा कारकुनी दिसते, पण नव्या अर्जाचा फेरा त्यानं टळू शकतो.

एवढ्यात २०२५ च्या कायद्यानं नवी अट घातली आहे. या विस्तारित योजनेतल्या प्रौढांना २०२७ पासून महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल. नुकत्याच सुटलेल्यांना तीन महिने सवलत आहे. गंभीर मनोविकार असलेल्यांनाही ती मिळेल, मात्र आजाराची नोंद कुठल्या कागदावर आणि कोणाच्या सहीनं दाखवायची, हे प्रत्येक राज्याला आता ठरवावं लागणार आहे.