वेळ थांबविणारे घड्याळ

पेरणीच्या घाईत तुम्हालाही वाटले असेल की, वापसा आणखी दोन दिवस टिकावा, सूर्य जरा थांबावा. याच इच्छेवर २००२ साली अमेरिकेत ‘क्लॉकस्टॉपर्स’ हा कौटुंबिक चित्रपट निघाला. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स. शास्त्रज्ञाच्या मुलाच्या हाती एक मनगटी घड्याळ लागते. ते घातले की शरीरातील रेणू इतके वेगवान होतात की, भोवतालचे जग थांबल्यासारखे दिसते.

कल्पना नामी, पण चित्रपट निराशा करतो. एवढी शक्ती मिळूनही मुले ती खोड्या काढण्यात घालवतात. मग नेहमीचाच पाठलाग सुरू होतो. इतक्या वेगाने पळणाऱ्याला हवेचा अडथळा नि घर्षणाची उष्णता सोसावी लागेल, याचा विचारच नाही.

एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. त्या वेगात फार राहिलेला माणूस लवकर म्हातारा होतो. म्हणजे वेळ थांबत नाही, आपलेच आयुष्य भरभर खर्ची पडते. ओल्या बियाण्याचेही तसेच. कणगीत त्याचे श्वसन जोरात चालते आणि उगवणशक्ती जाते. साठवणीत बियाण्याचा ओलावा १ टक्क्याने घटविला, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून बियाणे नीट वाळवा, थंड जागी ठेवा.

त्या मुलाचे वडील सदैव कामात गुंतलेले. त्याला त्यांचा वेळ हवा असतो. हा धागा चित्रपट अर्धवट सोडतो. मुलांना तो दाखवाल, तर शेजारी बसून दाखवा.