कणगीला चिकटवलेला पत्ता (लेखांक ६)

दुकानात पैसे देताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्याचं काम कसं चालतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. अकोले तालुक्यातल्या राजूरच्या पेठेत पेढे घेतले की समोर येतो तसाच काळा-पांढरा चौकोन आपल्यालाही बनवता येतो आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला लावता येतो. त्यासाठी बँकेत खातं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. खर्च काय तो छपाईचा. खरा प्रश्न आहे तो त्या चौकोनात ठेवायचं काय, हा.

महाराष्ट्रात याचं उत्तर एका शिक्षकाने फार आधी दिलंय. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांच्या पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की त्या धड्याची चित्रफीत दिसायची, कविता ऐकू यायची. गावातल्या मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि मजकूर मुलांना समजेल असा केला. २०१७मध्ये राज्याने सगळ्या पाठ्यपुस्तकांत कोड छापायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी एनसीईआरटीनेही तोच मार्ग धरला. २०२०च्या डिसेंबरमध्ये डिसलेंना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं. त्यातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना दिला. यात कोड बनवणं सगळ्यात सोपं होतं. मोल होतं ते कोडच्या पलीकडे ठेवलेल्या मजकुराला, कारण तो त्याच मुलांसाठी, त्यांच्याच बोलीत तयार केलेला होता.

घरच्या कोडलाही हाच नियम लागू पडतो, आणि अकोले तालुक्यात त्यासाठी सगळ्यात योग्य वस्तू मला बियाणं वाटते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२०चा पद्मश्री जाहीर झाला. राजूरच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवर अजून काळभात आहे, नागली, वरई, खुरासणी आणि वालाचे कितीतरी प्रकार आहेत. बी कणगीत टिकतं. पण ते कोणत्या जमिनीत घालायचं, राब कधी भाजायचा, आवणीला किती दिवसांचं रोप घ्यायचं, राख किती मिसळायची, हे सगळं आजीच्या तोंडी असतं. पुस्तकात ते सापडत नाही, कारण ते त्या एका वाडीचं, त्या एका उताराचं ज्ञान असतं. फोनवर आजीचा पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, तो ऑनलाइन ठेवा आणि त्याचा कोड कणगीवर चिकटवा. दहा वर्षांनी नातवाने कणगी उघडली तर बियाण्यासोबत त्याची रीतही त्याच्या हाती पडेल.

आता कोडच्या आत डोकावू. १९९४मध्ये जपानच्या देन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. कंपनीकडे पेटंट होतं, पण ठरलेल्या प्रमाणाबरहुकूम कोड वापरणाऱ्यांवर तिने ते कधी चालवलं नाही, म्हणून आज कुणीही तो फुकट बनवू शकतो. कोडमध्ये आवाज नसतो, फोटो नसतो. असतात फक्त अक्षरं आणि आकडे. आवाज इंटरनेटवर कुठेतरी ठेवलेला असतो आणि कोडमध्ये तिथला पत्ता लिहिलेला असतो.

सर्वात जास्त फसगत इथेच होते. कोड बनवून देणाऱ्या अनेक फुकट वेबसाइट तुमचा पत्ता थेट लिहीत नाहीत. त्या स्वतःचा पत्ता लिहितात आणि तिथून वाचणाऱ्याला तुमच्या पत्त्याकडे वळवतात. याला डायनॅमिक कोड म्हणतात. पुढे पत्ता बदलता येतो ही त्याची सोय, पण चाचणीची मुदत संपली किंवा ती वेबसाइटच बंद पडली की छापलेला कोड निकामी होतो. मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. गुगलने लांब पत्ते छोटे करून देणारी आपली सेवा २०१८मध्ये गुंडाळायला घेतली. २०२४मध्ये जाहीर केलं की जुने छोटे पत्ते २०२५च्या ऑगस्टपासून चालणार नाहीत. शेवटच्या क्षणी वापरात असलेल्या पत्त्यांना अभय मिळालं, बाकीचे गेले. तेव्हा बियाण्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या गोष्टीला स्टॅटिक, म्हणजे तुमचाच पत्ता थेट लिहिलेला कोड लावा. ओळखायची खूण सोपी आहे: कोड तयार झाला की स्वतःच्या फोनने वाचा. पडद्यावर तुम्ही दिलेलाच पत्ता अक्षर न् अक्षर दिसला तर ठीक. भलतंच नाव दिसलं तर तो कोड छापू नका.

राजूरपासून डोंगराकडे सरकलं की अनेक ठिकाणी नेटवर्क साथ देत नाही. तिथे पत्ता असून उपयोग नाही, मजकूरच कोडमध्ये घालावा लागतो. असा कोड ऑफलाइन चालणाऱ्या स्कॅनर ॲपने इंटरनेटशिवाय वाचता येतो. मात्र मराठीसाठी एक हिशेब लक्षात ठेवायला हवा. सर्वात मोठ्या कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला वेगवेगळे तीन बाइट लागतात. म्हणजे मराठीत जेमतेम ९८० खुणा, त्याही अशा दाट कोडमध्ये की साधा कॅमेरा चाचपडतो. चाळीस अक्षरांच्या इंटरनेट पत्त्याला २९ बाय २९ ठिपक्यांचा कोड पुरतो. काने-मात्रे धरून दीडशे खुणांच्या मराठी मजकुराला बाजूवर ऐंशीच्या आसपास ठिपके लागतात. म्हणून मोजकंच लिहा: वाणाचं नाव, कोणत्या सालचं बी, कधी पेरायचं, कशात ठेवलंय. माझ्या मते कणगीवर दोन कोड असावेत, एक या मजकुराचा आणि दुसरा आजीच्या आवाजाचा.

छपाई करताना कोड वाचण्याच्या अंतराच्या दहाव्या भागाएवढा तरी ठेवा. हातभरावरून वाचायचा असेल तर पाच सेंटिमीटर. चारही बाजूंनी चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा सोडा. चुलीचा धूर आणि पावसाळ्यातली ओल यांचा विचार करून दुरुस्तीची पातळी ‘एच’ निवडा. त्यात सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन शाबूत राहायला हवेत. पातळी वाढवली की ठिपकेही वाढतात, म्हणून मजकुराचा कोड जरा मोठा छापा. कागदाला लॅमिनेशन करून घ्या.

आवाज गुगल ड्राइव्हवर ठेवलात तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ पाहता येईल अशी परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर नातवाला परवानगी मागावी लागेल आणि ती द्यायला तेव्हा कुणी नसेल. पण कोड म्हणजे कुलूप नव्हे. तो ज्याच्या नजरेस पडेल त्याला वाचता येतो. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, लहान मुलांची नावं आणि पत्ते त्यात घालू नयेत.

सगळं झालं की कोड दुसऱ्याच्या फोनवर, कणगी असते त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात वाचून पाहा. आणि चौकोनाखाली पेनाने वाणाचं नाव आणि साल लिहा, कारण फोन नसलेला माणूसही बी शोधायला येणार आहे. आजीला कोणते प्रश्न विचारावेत आणि आवाज स्वच्छ कसा टिपावा, ते पुढच्या आठवड्यात.