भाताचें तूस आणि पाण्यांतील विष

भाताच्या गिरणीमागें पडलेला तुसाचा ढीग आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलाच असेल. शंभर किलो भात भरडलें म्हणजे सुमारें वीस किलो तूस निघतें. त्यांत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, पुष्कळ असल्यामुळें गुरें तें खात नाहींत व तें लवकर कुजतही नाहीं. पूर्वीं त्याची राखुंडी करून लोक दांत घाशीत. असें हें टाकाऊ तूस पाण्यांतील शिसें, कॅडमियम इत्यादि जड धातु ओढून घेतें, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे.

पाचूबंदरास हा विषय परका नाहीं. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या कारखान्यांच्या मुलखांतून येऊन वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. घाण कुजून नाहींशी होते. धातु कुजत नाहीं. तो चिखलांत बसतो, तेथून किड्यांत, मासळींत व शेवटीं माणसांत शिरतो. जपानांतील मिनामाटा येथें एका कारखान्यानें समुद्रांत सोडलेला पारा मासळीवाटे लोकांच्या पोटांत गेला. १९५६ सालीं तो रोग उघडकीस आला. आईच्या उदरांतील बालकेंही त्यांतून सुटलीं नाहींत. ज्या गांवाचें पोट मासळीवर आहे, त्यानें ही गोष्ट विसरूं नये.

आतां तूस काय करतें तें पाहूं. तुसांतील सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांवर ऋण विद्युद्भाराच्या जागा असतात, आणि पाण्यांत विरघळलेल्या धातूंचे कण बहुधा धनभारित असतात. वर्गांत थोरला आला म्हणजे धाकटा बाकावरून उठतो, त्याप्रमाणें त्या जागांवरील हलके कण निघतात व जड धातु तेथें बसतो. पाणी फार आम्ल असेल, तर हायड्रोजनचे कणच बाकें अडवितात. म्हणून आधीं आम्लता कमी करावी लागते. नारळाचें सोडण, केळ्याची साल, उसाचें चिपाड यांतही हा गुण आहे.

पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रांत तुसाच्या राखेचा गाळणीसाठीं उपयोग करण्यांत आला, व राख आणि चांदी वापरलेली अशी गाळणी २००९ सालीं बाजारांत आली. परंतु ती रोगजंतूंकरितां आहे, धातूंकरितां नव्हे.

येथें पालकांस तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली, विहिरीच्या पाण्यांत तूस टाकून तें शुद्ध झालें असें मानूं नये. पिण्याच्या पाण्यांत शिशाची मर्यादा लिटरास ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती जिभेस कळत नाहीं, प्रयोगशाळेसच कळते. दुसरी, धातु नष्ट होत नाहीं, तुसांत सांठतो. म्हणून वापरलेलें तूस चुलींत किंवा वाडींत घालूं नये. तिसरी, खाडीच्या खाऱ्या पाण्यांतील क्षार तुसावरील पुष्कळ जागा व्यापतात. शिवाय एवढी खाडी गाळणार कोण? तुसाचें खरें स्थान कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशींच आहे.

नदीच्या मुखाशीं राहणारास वरचे लोक पाण्यांत काय सोडतात हें विचारण्याचा अधिकार आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं रसायनशास्त्र मन लावून शिकावें, म्हणजे तो प्रश्न त्यांस नीट विचारतां येईल आणि मिळालेलें उत्तर पारखतांही येईल.